वाणात आलेली कुपने

रुपया पुरा झाला तरच कुपन मिळत असे. पंधरा आण्यांचे सामान घेतले तर काही नाही, आणि एकतीस आण्यांचे घेतले तरी एकच. एका कुपनावर महिनाअखेरीच्या खरेदीत एक आणा सूट. बारामतीच्या पेठेतल्या सहकारी वाणसामानाच्या दुकानाचा हा नियम मला पहिल्या आठवड्यातच पाठ झाला होता. त्याचा उपयोग कसा करायचा हे कळायला मात्र वर्ष गेले, आणि ज्यांनी ते शिकवले त्यांतल्या बहुतेक बायकांना अक्षरओळख नव्हती. आता आणे जाऊन नवे पैसे आले आहेत. मी साप्ताहिकांतून लिहिते, लोक माझ्या लिहिण्याला जहाल म्हणतात. असेल. पण त्या लिहिण्यात जे थोडेफार लोकांना कळते ते त्या बायकांमुळे, आणि त्यांचे आभार मी अजून नीट मानलेले नाहीत.

मी वाढले ती पत्रकांवर. आमचे घर लासुर्ण्याला, कालव्याच्या पाण्यावरचा थोडा ऊस. वडील, म्हणजे आमचे आबा, सहकाराच्या प्रत्येक सभेला जात आणि येताना खिशात घडी केलेली पत्रके आणत. घरात दुसरे छापील काही नव्हते. मी अक्षरे शिकले ती त्यांच्या मथळ्यांवरून. इतर मुली भातुकली खेळत तेव्हा मी गोठ्यात म्हशीसमोर उभी राहून ‘बंधू-भगिनींनो, ही वेळ झोपण्याची नव्हे’ असे सांगत असे. म्हैस रवंथ करीत ऐकून घेई. मला वाटे, जगातले सगळे अन्याय योग्य शब्दांत छापून वाटले की संपतील.

गावात सातवीपुढे शाळा नव्हती. आबांनी मला बारामतीला मावशीकडे ठेवले. मावशी आईची थोरली बहीण. लहानपणीच तिचा नवरा गेला. पेठेच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत ती खानावळ चालवायची. सणसरकडची आणि आमच्या भागातली, शिकायला आलेली पाच मुले तिच्याकडे जेवत. ज्वारी आबा आणून टाकत. बाकीचे, म्हणजे तेल, डाळ, चहा, मीठ-मिरची, सगळे विकत. या विकतच्या सामानाला आमच्याकडे वाणसामान म्हणतात.

माझ्या मॅट्रिकच्या आदल्या साली ते सहकारी दुकान निघाले. आमचे मराठीचे मास्तर त्याच्या पंचांत प्रमुख होते. त्यांचा आग्रह असा की घरात सामान लागते किती हे बाईला माहीत असते, तेव्हा सभासद बाईलाच करा. म्हणून गल्लीतल्या सात-आठ बायकांच्या नावावर शेअर होते. मावशीच्याही होता. प्रत्येक कुपनाच्या पाठीवर शाईने सभासदाचा नंबर घातलेला असे.

मावशीने मला पहिल्यांदा तिथे सामानाला पाठवले तेव्हा तेल, डाळ आणि जिरे मिळून चौदा आणे झाले. कुपन बुडते म्हणून मी दोन आण्यांची वासाच्या साबणाची छोटी वडी घेतली आणि कुपन मिरवीत घरी आले. मावशीने वडी हुंगून पाहिली. म्हणाली, “कुपन तू आणलंस, का कुपनानं तुला दुकानात नेलं?”

मला राग आला. मी तिला सांगितले की हे व्यापाऱ्याचे प्रलोभन नव्हे, हा सभासदाच्या न्याय्य नफ्याचा वाटा आहे. तिने मान हलवली आणि म्हणाली की एका आण्याच्या वाट्यासाठी दोन आणे घालवले, हे न्यायाने बरोबर असेल, पण उद्याच्या फोडणीला ते चालत नाही.

मग तिने शिकवायला सुरुवात केली, आणि ती पत्रक न छापता शिकवत असे. रुपया पुरा करायचा तो मिठाने किंवा काडेपेटीने. जे नासत नाही आणि लागणारच आहे त्याने. कुपन मिळते म्हणून गूळ दुकानातून घ्यायचा नाही, गुऱ्हाळे सुरू झाली की तिथेच तो सवंग. कुपने महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांतच चालत, आणि त्या दिवसांत गर्दी होऊन तेल आधी संपे. म्हणून पहिल्या दिवशी सकाळीच जाऊन तेल घ्यायचे, डाळ दुसऱ्या दिवशीही मिळते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, शेजारच्या घरात दहा आण्यांचे सामान लागत असेल आणि आपल्याला सहा आण्यांचे, तर दोघींनी मिळून एकदाच जायचे. एका वेळी एकीच्या नावावर कुपन, पुढच्या वेळी दुसरीच्या. कोणाची पाळी हे कुणी लिहून ठेवत नसे. मी एकदा वही करते म्हटले तर मावशीची भागीदारीण, पिंपळीच्या काकी, हसल्या. “लिवून ठिवलं की भांडाण सुरू,” त्या म्हणाल्या.

पिंपळीच्या काकींचा मळा पिंपळीच्या शिवारात होता, वांगी-मिरचीचा. त्यांचे यजमान पहाटे भाजी बाजारात आणत, म्हणून त्या आमच्या गल्लीत खोली घेऊन राहत. मोठा आवाज, मोठे कुंकू. गल्लीत काही ठरायचे असेल तर ते त्यांच्या उंबऱ्यावर ठरे.

पुढच्या पावसाळ्यात दुकानात एक गैरप्रकार उघडकीला आला. एक मुकादम उसाच्या मळ्यांतल्या मजुरांकडून त्यांची कुपने अर्ध्या आण्याला विकत घेत होता आणि महिनाअखेरीला गठ्ठ्याने तेल उचलत होता. मला हे कळले त्या दिवशी मी जेवले नाही. मास्तरांकडे जाऊन म्हणाले की हे शोषण आहे आणि ते नियमाने बंद झाले पाहिजे. मास्तरांनी पंचांपुढे विषय ठेवला, नियम झाला, आणि तो सभासदांना समजावणारे पत्रक लिहायचे काम त्यांनी मला दिले. सोळा वर्षांच्या मुलीला याहून मोठा मान कोणता असणार? मी दोन दिवस लिहीत होते. त्यातले मुख्य वाक्य मला अजून तोंडपाठ आहे: ‘सभासद-भगिनींनो, प्रत्येक कुपन हे अहस्तांतरणीय आहे, हे ध्यानी घ्या.’ तो शब्द मी आबांच्या एका जुन्या पत्रकातून उचलला होता. छापून आल्यावर मी तो पुन्हा पुन्हा वाचला. गल्लीतल्या मुलांनी आपापल्या आयांना पत्रक वाचून दाखवले. कुणी काही विचारले नाही, त्यावरून सगळ्यांना कळले असे मी समजले.

मुकादमाचा धंदा बंद झाला. माझी छाती फुगली.

दिवाळीनंतर बारामतीत मुलांसाठी एक वसतिगृह निघाले आणि मावशीकडची दोन मुले तिकडे गेली. पाचाची तीन झाली की खानावळीचे सगळे गणित बदलते. चूल तेवढीच पेटते, पण तिला पोसणारे कमी. आणि घरात एक तोंड असे होते जे काहीच देत नव्हते. ते माझे.

आबा मार्गशीर्षात येऊन गेले. मी आतल्या खोलीत भूगोल वाचत होते, पण ऐकू येत होते. आबा म्हणाले, “आक्का, जड जात असंल तर सांगा. पोर घिऊन जातो. सातवीच्या वर शिकली, लई झालं. एक सोयरीक बी आलीया चालून.” मावशी म्हणाली, रथसप्तमीनंतरच्या बाजाराला या, तोवर मी बघते. आबांना मला शिकवायचे नव्हते असे नाही. त्यांना मेहुणीच्या जिवावर मुलगी शिकवायची नव्हती, आणि ज्वारीशिवाय द्यायला त्यांच्याकडे तेव्हा काही नव्हते. एवढी जहाल मी, पण बाहेर जाऊन एक शब्द बोलले नाही. मॅट्रिकला तीन महिने राहिले होते.

मावशीने दुसऱ्या दिवसापासून चहात गूळ कमी केला आणि स्वतःच्या भाकरीवर तेल घेणे सोडले. मी पाहिले आणि मीही सोडले. तिने माझ्या भाकरीवर गुपचूप ओतले. असे आमचे चालले होते. कुपनांचा एकेक आणा ती जपत होती, पण तीन मुलांच्या सामानावर कुपने मिळून किती मिळणार?

संक्रांत आली. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू असते आणि आलेल्या बाईला काही वस्तू देतात, तिला वाण म्हणतात. मावशीला अर्थातच कुणी बोलावत नसे. ती त्या दिवसांत संध्याकाळी दार लोटून मिरच्या निवडत बसायची. मला कुमारिका म्हणून बोलावणे येई. मी तत्त्वाने जात नसे. जिथे मावशीला जागा नाही तिथे मी कशाला, असे मी सगळ्यांना ऐकू जाईल असे बोललेही होते. पण त्या वर्षी पिंपळीच्या काकी स्वतः दारात आल्या आणि म्हणाल्या, “तुजं भाषाण मागनं ऐकीन. आदी चल.” मावशीनेच मला ढकलले.

काकींच्या खोलीत गल्लीतल्या सगळ्या जणी होत्या. कुंकू लावले, तिळगूळ दिला. मी वाणासाठी हात पुढे केला तर काकी म्हणाल्या, “हात मागं घे. पदर पसर.” मी पदर पसरला आणि त्यांनी त्यात कुपनांची एक घडी टाकली. मग शेजारणीने तिची. मग तिसरीने. काही कुपने जुनी होती, काहींना हळदीचे बोट लागले होते. सगळ्यांनी न बोलता टाकली, आणि हात लागू नये म्हणून जरा उंचावरून टाकली.

मी घाबरले. म्हणाले, काकी, हे चालत नाही, नियम आहे.

“म्हाईत हाय की,” काकी म्हणाल्या. “तूच लिवलंयस न्हवं? हस्तात द्यायचं न्हाय. मिठावानी.”

आमच्याकडे मीठ कुणी कुणाच्या हातात देत नाही. दिले तर भांडण होते म्हणतात. वाटी खाली ठेवायची, दुसरीने ती उचलायची. माझा अहस्तांतरणीय हा शब्द मुलांनी वाचून दाखवला तेव्हा बायकांनी त्यातला ‘हस्त’ ओळखला आणि आपल्या परीने अर्थ लावला. चार-पाच महिने त्या गल्लीत कुपन हातातून हातात गेले नव्हते. उंबऱ्यावर ठेवून उचलले जात होते. मी समजत होते, माझा नियम पाळला जातो आहे.

मी म्हणाले, अर्थ तसा नाही. देताच येत नाही, कुणीच कुणाला.

काकींनी माझ्याकडे पाहिले. “देताच येत न्हाय?” त्या म्हणाल्या. “असा कसा गं नेम केलास तू?” त्यांना खरेच तसे वाटले होते, की सगळे कळून त्या मला माझ्याच नियमात अडकवत होत्या, हे मला आजही सांगता येणार नाही. बाकीच्या हसत होत्या.

कुपने घेऊन मी घरी आले आणि मावशीपुढे पदर सोडला. काय झाले ते सांगितले. तिने मिरच्यांचे हात पुसले, पण कुपनांना हात लावला नाही. त्या घरात किती वर्षांनी वाण आले होते, आणि तेही वाणसामानाचे, हे माझ्या लक्षात तिच्या तोंडाकडे पाहून आले. कुपने माझ्या पदरात पडली असली तरी ती कुणासाठी होती हे गल्लीत सर्वांना ठाऊक होते. माझ्या जेवणाचे, म्हणजे माझ्या परीक्षेपर्यंतच्या राहण्याचे, तेल आणि डाळ त्यातून सहज निघाली असती.

दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या तात्यांची नजर कमी झाली होती. पाठीवरचे नंबर ते क्वचितच बघत. मी आमच्या कुपनांत ही मिसळली असती तर कुणाला कळले नसते. हा विचार माझ्या मनात आला, आणि तो मावशीला मी बोलूनही दाखवला. पत्रकांवर वाढलेल्या मुलीने.

मावशी म्हणाली, “नेम तुझा हाय. चोरून मोडलास तर त्यो मुकादमबी बरा म्हनायचा, त्येनं पैकं तरी दिलं हुतं.” मग म्हणाली, “पन वाण परत करत न्हाईत. तवा आता काय ते तूच बघ.”

मी मास्तरांकडे गेले. सगळे सांगितले, नजर कमी असलेल्या तात्यांचेही. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, नियमात चूक आहे असे मलाही वाटते. आपण विकणे बंद करायला निघालो आणि देणेही बंद केले. पण नियम पंच परस्पर बदलत नाहीत, सभासदांची सभा बदलते, आणि सभा येत्या रविवारी आहे. मी सभासद नव्हते. सभेत बोलायचे तर मावशीने बोलायला हवे होते.

मावशी आजवर एकाही सभेला गेली नव्हती. कुठल्याच जमावाला ती जात नसे. मी तिला भाषण लिहून देते म्हणाले. ती नको म्हणाली. रविवारी दुपारी तिने धुतलेले लुगडे नेसले आणि उन्हात निघाली. पिंपळीच्या काकींनी दारातूनच पाहिले, आतून इतरांना हाक मारली, आणि सगळ्या मागोमाग चालू लागल्या.

दुकानाच्या पडवीत पुरुष बसले होते. एवढ्या बायका पाहून तात्या म्हणाले, “आता सभेतच हळदीकुंकू घाला म्हणावं.”

“घालू की,” काकी म्हणाल्या. “तात्या, तुमास्नी वाणात चष्मा देऊ का?”

पडवीत हशा झाला आणि तात्याही हसले. मास्तरांनी विषय मांडला. एका सभासदाने रास्त शंका काढली की देणे मोकळे केले तर मुकादम पुन्हा विकत घेईल आणि हे मला भेट मिळाले असे म्हणेल. मी दाराशी उभी होते, माझ्याकडे शब्दांचा ढीग होता, आणि त्यात याचे उत्तर नव्हते.

मावशी बसल्या जागेवरूनच बोलली, पदर पुढे ओढून, जमिनीकडे बघत. “जिनं दिलं तिनं सवता दुकानात यावं. तात्यांच्या म्होरं सांगावं, ह्ये माजं, ह्ये मी अमकीला दिलं. देनारीला लाज न्हाय वाटत. इकनारी त्वांड घिऊन येईल का?”

मग ज्याने शंका काढली त्यानेच हात वर केला आणि बाकीचे हात वर गेले.

महिनाअखेरीच्या पहिल्या सकाळी आम्ही तेलासाठी लवकर गेलो. पिंपळीच्या काकी आधीच येऊन उभ्या होत्या, मागे बाकीच्या. मी सभासद नव्हते, तेव्हा कुपन द्यायचे तर सभासदालाच, म्हणजे मावशीलाच. मी वाणातली कुपने तात्यांपुढे ठेवली. एकेक बाई पुढे येई, आपली घडी ओळखून तीवर बोट ठेवी आणि म्हणे, ह्ये माजं, मावशीला दिलं. तात्या नंबर बघून खूण करत होते. दर वेळी कुपन डोळ्यांजवळ नेऊन, एकही न सोडता. दुकानात गिऱ्हाईक होते, हमाल होते, रस्त्यावर माणसे होती. त्या सगळ्यांदेखत प्रत्येकीने ते मोठ्याने सांगितले, कारण नियमच तसा होता. मावशी खांबाला टेकून उभी होती. चौथ्या-पाचव्या बाईला तिने मान वर करून पाहिले.

मी तेव्हा रडले, पण आनंदाने की लाजेने हे मला ठरवता आले नाही. इतके दिवस मी हळदीकुंकवाला न जाऊन मावशीची बाजू घेते आहे असे समजत होते. त्यांनी भाषण न करता तिच्या पदरात वाण घातले आणि मला वाटेतून बाजूला केले.

नव्या नियमाचे पत्रक मलाच लिहायचे होते. या वेळी मी ते आधी पिंपळीच्या काकींच्या उंबऱ्यावर बसून वाचून दाखवले. जिथे त्यांनी ‘म्हंजी काय?’ विचारले तिथे मी शब्द खोडला. शेवटी चार ओळी उरल्या. कुपन विकायचे नाही. देता येते. देणारीने दुकानात येऊन सांगावे. तेल पहिल्या दिवशी घ्यावे. चौथी ओळ मावशीची. पंचांनी ती काढली नाही.

रथसप्तमीनंतरच्या बाजाराला आबा एसटीने आले, टपावर ज्वारीचे पोते. मावशीने जेवायला वाढले. मुले जेवून गेली होती. आबांनी भाकरीवर तेल पाहिले, आमटीत डाळ पाहिली, आणि विचारले, कसं चाललंय?

“परीक्षा होईस्तवर र्‍हाईल ती,” मावशी म्हणाली. “तिचं वाणसामान घरात हाय.”

आबांनी कुठून आले ते विचारले नाही. मेहुणीला ते विचारणे त्यांना बरे वाटले नसावे. जेवून हात धुताना त्यांना कोनाड्यातले पत्रक दिसले. ते सवयीने वाचू लागले, आणि वाचून संपल्यावर उलटून पाहिले, मागे काही आहे का ते.

“येवढंच?” ते म्हणाले. “कुनी लिवलंय?”

मी म्हणाले, मी आणि काकींनी.

त्यांनी ते घडी करून खिशात ठेवले. मग मला म्हणाले की तुझी आई दुपारपासून चटया झटकून वाट बघत बसली असेल, तू आली नाहीस म्हणून तिला दोन दिवस वाईट वाटेल, पण सांगेन तिला. त्यांनी रिकामे पोते काखेत मारले आणि ते स्टँडकडे निघाले. मी त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवून परत आले आणि भूगोल घेऊन बसले. आत मावशी उद्याच्या सामानाला तुमचे किती आणे होतील ते काकींना विचारत होती.